जुन्या गाडीला पेट्रोल पोचत नाही, तेव्हा दोष कसा शोधायचा

जुनी गाडी चढावर दम तोडते आणि सपाटीला लागली की पुन्हा पळते. सकाळी एका सेल्फला सुरू होते, दुपारी भर रस्त्यात गचके खात बंद पडते आणि पाच मिनिटांनी काही झालंच नाही अशा थाटात चालू होते. असं झालं की बहुतेकांचा हात आधी पेट्रोल आणि हवा मिसळणाऱ्या कार्ब्युरेटरवर जातो. तो समोरच बसलेला असतो, उघडायला सोपा असतो आणि त्याच्याबद्दल प्रत्येकाने काहीतरी ऐकलेलं असतं. मग जेट, म्हणजे पेट्रोल मोजून सोडणारी बारीक भोकं, साफ होतात, फ्लोटची पट्टी वाकवली जाते, दोन्ही स्क्रू फिरवून होतात आणि निदान चालत असलेली गाडी आता स्लोवरही टिकत नाही. मूळ दोष टाकीतल्या गंजात, उपाय कार्ब्युरेटरवर. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.

पेट्रोलचा रस्ता एकच आहे: टाकी, टाकीतली जाळी, लांब पाइप, फिल्टर, पंप, फ्लोट चेंबर (कार्ब्युरेटरमधली पेट्रोल साठवणारी वाटी) आणि शेवटी जेट. हा रस्ता मध्येच तोडून बघायचा, दोष अलीकडे आहे की पलीकडे हे ठरवायचं आणि त्यानंतर फक्त त्याच भागाच्या मागे लागायचं. कार्ब्युरेटर सगळ्यात शेवटी. खालचं बहुतेक वर्णन कार्ब्युरेटर आणि इंजिनवर बसवलेला मेकॅनिकल पंप असलेल्या पेट्रोल गाडीचं आहे. इलेक्ट्रिक पंप आणि डिझेलबद्दल पुढे वेगळं लिहिलं आहे.

हात लावण्याआधी

पेट्रोलची वाफ हवेपेक्षा तीन-चार पट जड असते. ती वर उडून जात नाही, जमिनीलगत पसरते, खड्ड्यात किंवा बंद गॅरेजच्या कोपऱ्यात साचते आणि लांबच्या ठिणगीपर्यंत पोचते. पेट्रोल उणे ४० अंश सेल्सिअसच्या आसपाससुद्धा पेट घेण्याइतकी वाफ सोडतं, त्यामुळे ‘आज गार आहे, काही होत नाही’ या म्हणण्याला अर्थ नाही. काम उघड्यावर करा आणि इंजिन गार होऊ द्या. सेल्फ मारायचा नसेल तेव्हा बॅटरीची निगेटिव्ह वायर काढून ठेवा. कोरड्या पावडरचा अग्निशामक हाताशी हवाच. पेट्रोलच्या आगीवर पाणी मारलं तर पेट्रोल पाण्यावर तरंगत आग आणखी पसरवतं.

पाइप तोंडात धरून पेट्रोल ओढायची सवय असेल तर ती आजच सोडा. ते श्वासाबरोबर फुप्फुसात गेलं तर प्रकरण जिवावर बेततं. प्लास्टिकच्या पातळ पाण्याच्या बाटलीत पेट्रोल साठवू नका, इंधनासाठीचाच कॅन वापरा. आणि रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा धोकादायक असते, कारण ती वाफ आणि हवेच्या मिश्रणाने भरलेली असते. गळणाऱ्या टाकीला घरी वेल्डिंग करण्याचा विचारही करू नका.

दोष खरंच पेट्रोलचा आहे का?

मेकॅनिक लोकांचा एक जुना विनोद आहे की कार्ब्युरेटरच्या निम्म्या तक्रारी डिस्ट्रिब्यूटरमध्ये, म्हणजे प्लगना ठिणगी वाटणाऱ्या भागात, सापडतात. त्यात तथ्य आहे. गरम झाल्यावर दगा देणारी ठिणगीची कॉइल किंवा मरायला टेकलेला कंडेन्सर अगदी पेट्रोल तुटल्यासारखी लक्षणं दाखवतो. म्हणून आधी फरक ओळखायला शिका.

करंट, म्हणजे प्लगची ठिणगी, गेला की इंजिन सहसा बटण दाबल्यासारखं एकदम बंद पडतं, किंवा अनियमित मिसिंग मारत सायलेन्सरमधून फटाके फोडतं. पेट्रोल कमी पडलं की ते हळूहळू मरतं: आधी ओढ कमी होते, मग एक्सलेटर दाबला तरी उपयोग होत नाही, उलट दाबल्यावर जास्तच गचकते, पाय उचलला की जरा सावरते आणि शेवटी विझते. अशा वेळी चालत्या गाडीत चोक अर्धा ओढून बघा. गाडी सुधारली तर मिश्रणात पेट्रोल कमी आहे किंवा कुठूनतरी जादा हवा शिरते आहे. आणखी बिघडली आणि मागे काळा धूर आला तर पेट्रोल जास्त होतंय, म्हणजे दोष नेमका उलटा. या एका चाचणीला पाना लागत नाही आणि ती अर्धं काम करते.

बंद पडल्या पडल्या एक प्लग काढून बघा. कोरडा आणि फिकट असेल तर इंजिन उपाशी होतं. काळा, ओला, पेट्रोलचा वास मारणारा असेल तर ओव्हरफ्लो किंवा करंटची तक्रार आहे.

आता या सगळ्यातली माझी सर्वांत आवडती चाचणी. एअर फिल्टर काढा. फ्लोट चेंबरला हवेसाठी एक छोटी नळी किंवा भोक असतं, बहुतेक कार्ब्युरेटरवर ते वरच्या बाजूला दिसतं. लहान तोंडाच्या पिचकारीने त्यातून थोडं थोडं ताजं पेट्रोल सोडून चेंबर भरा. सांडलेलं पुसा, वाफ उडू द्या, एअर फिल्टर परत लावा आणि सेल्फ मारा. इंजिन लगेच सुरू झालं, छान चाललं आणि थोड्या वेळाने चेंबरमधलं पेट्रोल संपल्यासारखं विझलं, तर कार्ब्युरेटर आणि करंट दोन्ही ठीक आहेत. चेंबरपर्यंत पेट्रोल पोचत नाही एवढाच दोष उरतो. चेंबर भरूनही इंजिन दाद देत नसेल तर मात्र टाकी-पंपाच्या मागे लागून उपयोग नाही. हे करताना सेल्फ फिरत असेपर्यंत कार्ब्युरेटरच्या तोंडावर वाकून बघू नका. बॅकफायर झाला तर ज्वाळा तिथूनच वर येते.

फुकटातल्या तपासण्या

पहिली: टाकीत पेट्रोल आहे का? हसू नका. जुन्या गाड्यांचा काटा टाकीतल्या फ्लोटवर चालतो आणि तो फ्लोट मध्येच अडकतो. काटा पाव टाकी दाखवतो आणि टाकी कोरडी असते. दोन-चार लिटर ओतून बघा.

दुसरी: टाकीचं झाकण. पेट्रोल बाहेर गेलं की तेवढी हवा आत यायला हवी. त्यासाठी झाकणाला बारीक भोक असतं किंवा वेगळी नळी असते. ती धुळीने बुजली की टाकीत निर्वात तयार होतो आणि पंप ओढून ओढून थकतो. गाडी बंद पडल्यावर झाकण सैल करा. ‘फुस्स’ करून हवा आत ओढली गेली आणि गाडी लगेच पळायला लागली तर बाकी काही उघडायची गरज नाही, झाकण किंवा नळी साफ करा. दुसऱ्याच गाडीचं, भोक नसलेलं झाकण बसवल्यामुळे सुरू झालेली दुखणी बरीच असतात.

तिसरी: दोष केव्हा येतो ते लिहून काढा. फक्त चढावर आणि वेगातच गाडी मरत असेल तर पेट्रोल येतंय पण पुरेसं नाही, तेव्हा फिल्टर, टाकीतली जाळी आणि पंप संशयित. बंद पडून काही मिनिटांत आपोआप बरी होत असेल तर टाकीतला कचरा जाळीला चिकटतो आणि ओढ थांबली की खाली बसतो, किंवा झाकणाची वर सांगितलेली गोष्ट. बरेच दिवस उभी राहिल्यावर खूप सेल्फ खात असेल तर चेंबरमधलं पेट्रोल उडून गेलेलं असतं किंवा पंपाची झडप धरत नसल्याने पाइपातलं पेट्रोल टाकीकडे परत गेलेलं असतं. हा शेवटचा प्रकार जुन्या गाडीत बऱ्याच अंशी स्वाभाविक आहे, त्यासाठी इंजिन खोलू नका.

पेट्रोल बाटलीत काढून बघा

पंपाकडे येणाऱ्या पाइपातून किंवा फिल्टरमधून थोडं पेट्रोल स्वच्छ काचेच्या बरणीत घ्या आणि दहा-पंधरा मिनिटं हलवू नका. तळाशी वेगळा थर किंवा गोळे दिसले तर पाणी आहे. इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल हवेतला ओलावा धरून ठेवतं आणि प्रमाणाबाहेर झाला की तो इथेनॉलसकट वेगळा होऊन तळाशी जातो, नेमका जिथून पंप ओढतो तिथे. तांबूस चुरा म्हणजे टाकीचा गंज. काळे मऊ कण म्हणजे कुठलातरी रबरी पाइप आतून झिजतोय. पांढरी भुकटी दिसली तर पाण्याने पंपाचं किंवा कार्ब्युरेटरचं जस्त-ॲल्युमिनियमचं अंग खायला घेतलंय. पेट्रोल गडद आणि वार्निशसारखा आंबूस वास मारणारं असेल तर ते शिळं आहे. ते काढून टाका, त्यात नवीन मिसळून चालवत बसू नका.

बाजारातलं कुठलंसं औषध टाकीत ओतून हे सगळं बरं होईल अशी आशा ठेवणारे बरेच भेटतात. गंजाचे पापुद्रे औषधाने विरघळत नाहीत. सुटून पुढे जातात आणि जाळीवर बसतात, एवढंच.

रस्ता मधोमध तोडा

आता मुख्य काम. कॉइलची बारीक वायर काढा म्हणजे ठिणगी पडणार नाही. पंपाकडून कार्ब्युरेटरला जाणारा पाइप कार्ब्युरेटरच्या टोकाला सोडवा, त्याला रबरी तुकडा जोडून त्याचं तोंड कॅनमध्ये धरा आणि मदतनिसाला सेल्फ मारायला सांगा. एका वेळी दहा-पंधरा सेकंदांपेक्षा जास्त नाही, मध्ये सेल्फ मोटरला विश्रांती.

मेकॅनिकल पंप कॅमशाफ्टवरच्या उंचवट्याने हलतो, म्हणून पेट्रोल सलग येत नाही, ठोक्याठोक्याने येतं. प्रत्येक ठोक्याला पाइपाच्या तोंडातून जाड, जोरकस पिचकारी यायला हवी. नुसतं ठिबकत असेल, फेस येत असेल किंवा पहिले दोन-तीन ठोके चांगले आणि मग कमी होत जात असतील, तर पुरवठा अपुरा आहे. किती वेळात किती पेट्रोल यावं आणि किती दाब हवा हे गाडीच्या मॅन्युअलमध्ये दिलेलं असतं. कार्ब्युरेटरच्या गाड्यांना साधारण २ ते ६ पीएसआय (दाब मोजायचं एकक) एवढाच दाब लागतो.

पिचकारी चांगली असेल तर दोष पलीकडे, चेंबरमध्ये येणारं पेट्रोल सोडणाऱ्या-थांबवणाऱ्या कार्ब्युरेटरच्या सुईत किंवा तिच्या तोंडच्या बारीक जाळीत. ती जाळी पुष्कळ जण विसरतात. पिचकारी दुबळी असेल तर दोष अलीकडे.

लगेच दुसरा तुकडा पाडा. टाकीकडून पंपाला येणारा पाइप सोडवून त्याचं तोंड बुच लावून बंद करा, पंपाच्या पेट्रोल आत घेणाऱ्या तोंडाला रबरी पाइप लावून तो स्वच्छ पेट्रोलच्या कॅनमध्ये बुडवा आणि पुन्हा सेल्फ मारा. आता पंप जोरात फेकायला लागला तर पंप निर्दोष आहे, टाकी ते पंप या टप्प्यात अडथळा आहे किंवा हवा शिरते आहे. कॅनमधूनही तो रडतच असेल तर पंप गेला. नवा पंप घेण्याआधी ही चाचणी केलीच पाहिजे. चांगले पंप उगाच बदलले जातात आणि तक्रार तशीच राहते.

दोष टाकीच्या बाजूला निघाला तर

फिल्टर आधी बदला. तो फुंकून, उलटा धुऊन पुन्हा लावण्यात काही शहाणपण नाही. नवा बसवताना त्यावरचा बाण इंजिनच्या दिशेने हवा. पारदर्शक फिल्टर अर्धाच भरलेला दिसला म्हणून घाबरू नका, चालत्या गाडीत तो पुष्कळदा तसाच दिसतो.

मग रबरी पाइप. इथे एक गोष्ट नवख्यांच्या लक्षात येत नाही. टाकी आणि पंप यांच्यामधला पाइप ओढीखाली असतो. त्याला बारीक चीर पडली तर पेट्रोल बाहेर गळेलच असं नाही, हवा आत जाते. खाली एक थेंब नाही, वास नाही, आणि पंप मात्र पेट्रोलऐवजी हवा खातो. पंपाच्या आधी इंधनाला चालणारा पारदर्शक पाइपाचा तुकडा तात्पुरता जोडा आणि इंजिन चालू असताना त्यात बघा. एखादा बुडबुडा चालतो, बुडबुड्यांची माळ चालत नाही. पाइप बोटांत वाकवून बघा: बाहेरून भेगा दिसल्या, कडक लागला किंवा फुगून मऊ पडला असेल तर बदला. काही पाइप बाहेरून ठणठणीत दिसतात पण आतला थर सुटून पडद्यासारखा लोंबतो आणि ओढ वाढली की रस्ता बंद करतो. नवा पाइप इथेनॉल सहन करणारा, इंधनासाठीचाच घ्या. पाण्याचा किंवा हवेचा पाइप काही काळ चालतो आणि मग विरघळून तेच काळे कण तयार करतो.

धातूचा पाइप आणि टाकीतली जाळी तपासायला टाकीचं झाकण काढा, पंपाकडचं टोक सोडवा आणि सायकलच्या पंपाने हलकी हवा टाकीच्या दिशेने मारा. मदतनिसाने टाकीच्या तोंडाशी कान द्यायचा, आत बुडबुड्यांचा आवाज आला पाहिजे. मोठ्या कॉम्प्रेसरचा दाब नको, टाकीचे सांधे उसवतील. हवा मारल्यावर गाडी उत्तम चालली आणि काही अंतराने पुन्हा तेच रडगाणं सुरू झालं, तर निदान पक्कं: टाकी आतून गंजली आहे. टाकी उतरवून साफ करून घेण्याला पर्याय नाही.

पंप

पंपातला लवचीक पडदा, म्हणजे डायफ्राम, फाटला की पंप दुबळा होतोच, पण दुसरं काहीतरी त्याहून वाईट होतं. पेट्रोल इंजिन ऑइलमध्ये उतरतं. डिपस्टिक काढून वास घ्या. ऑइलची पातळी वाढलेली आणि वास पेट्रोलचा असेल तर गाडी चालवू नका. पातळ झालेलं ऑइल बेअरिंग खाऊन टाकतं. पंप आणि ऑइल दोन्ही बदलल्यावरच सेल्फ मारायचा. पंपाच्या अंगावर खाली बारीक भोक असेल आणि त्यातून पेट्रोल झिरपत असेल तर तीही डायफ्रामचीच खूण.

नवा पंप बसवूनही ठोका अपुरा पडत असेल तर पंप आणि इंजिन यांच्यामधलं गॅस्केट तपासा. मूळच्यापेक्षा जाड गॅस्केट किंवा ठोकळा घातला की पंपाचा दांडा कॅमपर्यंत पुरत नाही आणि हालचाल अर्धी होते.

इलेक्ट्रिक पंप असेल तर किल्ली ऑन केल्यावर त्याचा गुणगुणता किंवा टिकटिक आवाज यायला हवा. इंजेक्शनच्या बहुतेक गाड्यांत तो दोन-एक सेकंद येऊन थांबतो. आवाज नसेल तर फ्यूज, रिले (पंपाला करंट देणारा स्विच) आणि अर्थ (गाडीच्या अंगाला जोडलेली वायर) या क्रमाने बघा. गाडीत तसाच दुसरा रिले असेल तर अदलाबदल करून बघणं सर्वांत झटपट. काही गाड्यांत धक्का बसल्यावर पंप बंद करणारा स्विच असतो, तो कधीकधी खड्ड्याच्या धक्क्यानेही बंद होतो आणि दाबून परत बसवावा लागतो. आवाज आहे पण जोर नाही, असं असेल तर पंप चालू असताना त्याच्या दोन टोकांवर मल्टीमीटर लावा. बॅटरीपेक्षा एक व्होल्टहून जास्त कमी दिसलं तर पंप नव्हे, वायर किंवा गंजलेला अर्थ दोषी आहे. इंजेक्शनच्या गाडीचा पाइप असाच सोडवू नका. त्यात ३५ ते ४५ पीएसआयच्या आसपास दाब असतो आणि इंजिन बंद केल्यावरही टिकून राहतो. आधी दाब उतरवायचा. आणि असा पंप कार्ब्युरेटरच्या गाडीला जोडायचा नाही, सुई तो दाब पेलू शकत नाही आणि पेट्रोल वाहत सुटतं.

उन्हाळ्यातलं दुखणं

गरम इंजिन बंद करून जरा वेळाने परत सुरू होत नसेल तर दोन शक्यता असतात आणि त्यांचे उपाय एकमेकांच्या विरुद्ध आहेत. पाइपात किंवा पंपात पेट्रोलची वाफ झाली असेल तर पंप वाफ दाबत बसतो. याला व्हेपर लॉक म्हणतात. किंवा चेंबरमधलं पेट्रोल उकळून खाली मॅनिफोल्डमध्ये, म्हणजे इंजिनकडे जाणाऱ्या नळ्यांत, सांडलेलं असतं. वास घ्या. पेट्रोलचा उग्र वास असेल तर एक्सलेटर पूर्ण दाबून धरा, पुन्हा पुन्हा दाबू-सोडू नका, आणि सेल्फ मारा. वास नसेल तर बोनेट उघडून गार होऊ द्या. कायमचा उपाय म्हणजे पाइप सायलेन्सरच्या नळीपासून लांब नेणं आणि निघून गेलेला उष्णतारोधक पत्रा किंवा ठोकळा परत बसवणं.

आणि मग कार्ब्युरेटर

इथपर्यंत सगळं ठीक निघालं तरच. इंजिन बंद ठेवून, एअर फिल्टर काढून वरून बघत एक्सलेटरची तार हलवा. आत पेट्रोलची बारीक धार उडाली तर चेंबरमध्ये पेट्रोल आहे. धार नसेल तर सुई अडकलेली असू शकते. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने चेंबरवर हलके टकटक करा, बरेचदा सुटते. पण हा उपाय रस्त्यापुरता, घरी आल्यावर झाकण उघडून सुई आणि तिची बैठक बदला. जेट तारेने कधीच कोरू नका, भोक मोठं झालं की परत लहान होत नाही. क्लीनरचा फवारा आणि हवा पुरते, डोळ्यांवर चष्मा मात्र हवा.

डिझेल असेल तर

डिझेलच्या जुन्या गाडीत पहिला संशय हवेवर. टाकीकडून येणाऱ्या पाइपातून हवा शिरली की इंजिन बंद पडतं आणि हवा काढल्याशिवाय सुरू होत नाही. फिल्टरवरचा हँड पंप मारत फिल्टरचा स्क्रू सैल करा, फेस जाऊन स्वच्छ डिझेल आलं की आवळा. फिल्टरखालचं पाणीही सोडून द्या. इंजेक्टरच्या नळीची गळती मात्र हाताने चाचपू नका, तिथला दाब डिझेल कातडीखाली घुसवतो.

जोडल्यानंतर

एका वेळी एकच गोष्ट बदला आणि गाडी चालवून बघा. तीन गोष्टी एकदम बदलल्या तर नेमका दोष कशात होता हे कळत नाही आणि तो परत आला की पुन्हा पहिल्यापासून शोध. सगळे क्लॅम्प आवळल्यावर बॅटरी जोडा, इंजिन चालू ठेवून प्रत्येक सांधा कोरड्या कागदाने पुसून ओल येते का बघा आणि गरम झाल्यावर परत बघा. नवं रबर बसल्यावर क्लॅम्प थोडे सैल पडतात, म्हणून आठवड्याभराने एकदा पान्याने हात फिरवा. त्याच वेळी नवा फिल्टर उजेडात धरा. इतक्यातच त्याच्या तळाशी तांबूस चुरा जमलेला दिसला तर टाकी उतरवण्याची तयारी करा.